सव्वा मूठ गहू

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशात कानबाई ही देवी बसते. त्याआधी घरातली मोठी बाई सूप पुढ्यात घेऊन रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू काढते. बऱ्याच घरांत रीत अशी की घरातल्या पुरुषांची, अगदी पाळण्यातल्या पोराचीसुद्धा, नावं घ्यायची आणि एकेका नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. दीपनगरला मावशीकडे एका श्रावणात हे चाललं होतं. काका जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मावशीने नेहमीच्या सवयीने पहिली मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली, आणि तिचा हात तिथेच थांबला. ती मूठ ‘ह्यांची’ होती. खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो, कोणी काही बोललं नाही. तिने ते गहू वेचून परत डब्यात टाकले नाहीत. एका वाटीत काढून ओट्यावर ठेवले. ती वाटी पुढे कितीतरी दिवस मिठाच्या बरणीशेजारी तशीच होती.

जोडीदार गेल्याचं दुःख मोठमोठ्या प्रसंगांत दिसतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते कणीक किती भिजवायची, चहाला पाणी किती ठेवायचं, भाजीवाल्याकडून पाव किलो घ्यायचं की अर्धा, अशा हिशेबात रोज चुकतं. खान्देशातलं सगळं खाणंपिणं माणशी मोजलेलं. माणूस वजा झाला की पहिली चूक स्वयंपाकघरात होते. आणि माणूस सावरायला लागतो तोही पुष्कळदा तिथूनच.

दीपनगर म्हणजे भुसावळ तालुक्यातल्या फेकरी गावाशेजारची, औष्णिक वीज केंद्राची वसाहत. साठच्या दशकाच्या अखेरीस इथे वीज तयार व्हायला लागली. पुढे २१० मेगावॅटचे संच आले, नंतर ५०० चे दोन. पाणी तापीचं, कोळसा रेल्वेने येणारा, आणि माणसं सगळ्या महाराष्ट्रातली. एका जिन्यात खाली यावलकडचं घर, समोर अमरावतीकडचं, वरच्या मजल्यावर लातूरचं. अशा वसाहतीत घराचं घड्याळ पाळीवर चालतं. पहिल्या पाळीचा डबा सहाच्या आत भरायचा म्हणजे साडेचारला उठायचं. काका गेल्यावर मावशीचा गजर बंद करायला कोणाला सुचलं नाही. तीही उठत राहिली. चार पोळ्या करायची, फडक्यात गुंडाळायची, आणि उजाडलं की त्या पोळ्यांकडे बघत बसायची. नोकरीतला माणूस गेला की आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे क्वार्टर. ठराविक मुदतीत ते सोडावं लागतं. नवऱ्यापाठोपाठ शेजार जातो, ओटा जातो, हाताला माहीत असलेला नळ जातो. मावशीचा मुलगा त्याच केंद्रात लागलेला होता म्हणून तिची वसाहत टिकली. हे भाग्य सगळ्यांचं नसतं.

या काळात तिच्या तोंडी एकच वाक्य असायचं. “मले काही गोड लागत नाही वं.” आम्हाला ते दुःखाचं बोलणं वाटायचं. शरीराच्या अंगानेही ते खरं होतं. तीव्र ताणात शरीरातली संप्रेरकं भूक मारतात, पचन मंदावतं, झोप मोडते. १९६७ साली होम्स आणि राहे या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ताणांची एक मोजपट्टी केली, तिच्यात सगळ्यात वर, पूर्ण १०० गुणांवर, जोडीदाराचा मृत्यू आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास एका हृदयविकाराला ‘ताकोत्सुबो’ असं नाव दिलं. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव. हा विकार उतारवयाच्या बायकांत जास्त आढळतो. ‘धसका घेतला’ असं आपल्याकडे म्हणतात तेव्हा ते नुसतं म्हणणं नसतं.

विधुरांचा प्रश्न आणखी वेगळा. १९६९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पार्क्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची नोंद त्यांनी ठेवली होती. बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण त्या वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघालं. यामागची कारणं बरीच असणार, पण आपल्याकडच्या एखाद्या निवृत्त गृहस्थाकडे बघितलं तरी एक कारण लगेच दिसतं. पस्तीस वर्षं बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला घरातली तुरीची डाळ कुठल्या डब्यात आहे हे माहीत नसतं. तो सकाळी बिस्किटं खातो, दुपारी कोणी दिलं तर जेवतो आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणतो. बायकोच्या हातचं जेवण गेलं, एवढंच त्याचं नुकसान नाही. ‘जेवायला चला’ ही हाक गेली. अमेरिकेत १९९३ साली छापल्या गेलेल्या एका अभ्यासात जोडीदार गमावलेल्या वृद्धांची तुलना विवाहितांशी केली, तेव्हा जेवणातली गोडी कमी होणं आणि वजन उतरणं या दोन्ही गोष्टी ठळक दिसल्या. एकट्याने जेवणं हा त्यातला मोठा धागा होता.

आता या सगळ्यावर आपल्या बायाबापड्यांनी काय योजून ठेवलंय ते बघण्यासारखं आहे. मरणाच्या घरी चूल पेटत नाही. ती पेटू द्यायची नाही, असाच दंडक असतो. पिठलं-भाकरी शेजारून येते, भाऊबंदांकडून येते, आणि ती आणणारी बाई ताट ठेवून निघून जात नाही, समोर बसते. “दोन घास खा, पोरांकडे बघ,” हे वाक्य तिने शंभर घरांत म्हटलेलं असतं. आपल्याकडे लोक ‘दारावर’ येतात, म्हणजे भेटायला येतात, दहा-बारा दिवस रांग लागते. दहावं होतं, गंधमुक्तीचा कार्यक्रम होतो, मग सोयरे दुखवट्याचे कपडे घेऊन येतात आणि गोडाचा घास खायला लावतात. पहिल्या वर्षी त्या घरात सणाचं तळण काढत नाहीत, पण पोरं फराळावाचून राहत नाहीत. दिवाळीत चार घरची ताटं येतात. मावशीकडे त्या वर्षी वरच्या मजल्यावरून लातूरकडचे धपाटे आले, समोरून अमरावतीचा चिवडा आला. आपल्या हातची शेव त्या घरी परत पाठवता येत नाही याचंच तिला वाईट वाटत होतं. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही शिस्त हाडीमाशी मुरलेली. शेवटी तिने त्या डब्यांत साखर घालून ते परत केले.

मानसशास्त्राला हे सगळं उशिरा उमगलं. फ्रॉइडने १९१७ साली लिहिलं त्याचा रोख असा होता की गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घ्यायचं असतं. पुढे १९६९ मध्ये एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांचं पुस्तक आलं आणि दुःखाच्या पाच पायऱ्या जगभर पाठ झाल्या: नाकारणं, संताप, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. गंमत अशी की त्या पायऱ्या त्यांना दिसल्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलताना. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या, आणि आजही कोणी कोणी शोकातल्या माणसाला ‘तू अजून दुसऱ्याच पायरीवर आहेस’ असं सुनावतं. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अमेरिकन अभ्यासकांनी उलट बाजू मांडली. मृतांशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते राहणं निरोगी असू शकतं. मग १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी सांगितलं की सावरणारा माणूस सरळ रेषेत पुढे जात नाही. तो कधी दुःखात बुडतो, कधी त्यातून बाहेर येऊन बँकेत वारसाचा अर्ज भरतो, गॅसचं कार्ड नावावर करून घेतो, नवं काही शिकतो, पुन्हा मागे येतो. ही ये-जा हीच प्रकृतीची खूण. एकाच बाजूला अडकून पडणं हे दुखणं.

हे वाचताना मला आखाजी आठवली.

अक्षय तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. आपल्याकडे दिवाळीइतकाच हा सण मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गवराईची गाणी होतात, दुपारी खापरावरचे मांडे आणि आमरस. शेतातल्या सालदाराचं नवं सालही याच दिवशी ठरतं. आणि याच दिवशी, याच घरात, सकाळी पितरांची घागर भरतात. मातीची कोरी घागर, तिच्यावर लहान भांडं, वर डांगर नाहीतर आंबे, जोडीला सांजोऱ्या. कितीतरी घरांत उंबऱ्याची पूजा करून गेलेल्या एकेकाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर ओढतात. म्हणजे कानबाईला जिवंतांची मोजदाद मुठीने, तर आखाजीला गेलेल्यांची मोजदाद बोटाने. सकाळी रडून घ्यायचं, दुपारी आमरस वाढायचा, संध्याकाळी झोक्यावर बसायचं. युरोपातल्या दोघा अभ्यासकांनी ज्याला ये-जा म्हटलं ती आपल्या पंचांगात एका दिवसात बसवलेली आहे. हे कोणी आखून केलं नसेल. पण पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, कारण त्याचा उपयोग होत होता.

मात्र इथवर लिहून थांबलो तर ती संस्कृतीची आरती होईल. याच रितींमध्ये एक मोठी खोट आहे. उंबऱ्यावर मेलेल्या माणसाला बोट मिळतं, पण त्याच्या विधवेला कुंकवाच्या करंड्याला हात लावता येत नव्हता. अजूनही पुष्कळ घरांत येत नाही. रोटाच्या गव्हात मूठ मोजायची ती पुरुषांच्या नावाने, बाईची मूठ तशीही नव्हतीच. दहाव्याला बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं, हे ज्या बाया करतात त्याच बाया आदल्या दिवशी पिठलं घेऊन आलेल्या असतात. एका हाताने घास भरवायचा आणि दुसऱ्या हाताने तिची ओळख पुसायची. मावशीच्या बाबतीत एक तपशील मला अजून खुपतो. चैत्र-वैशाखात वसाहतीच्या गच्चीवर बिबडे घालायचे असले की पहाटे चारला पहिली हाक तिलाच. भिजवून, वाळवून, दळून आणलेल्या ज्वारीच्या पिठात लसूण, मिरची, तीळ घालून ते मोठ्या पातेल्यात शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही आणि उन्हं चढायच्या आत ओल्या कापडावर पातळ थापायचं. हे काम तिच्यासारखं कोणाला जमत नाही. हळदीकुंकवाची हाक मात्र त्याच गच्चीवरून तिला वगळून खाली जायची. हात चालत होते, कपाळ चालत नव्हतं.

मावशीच्या शंभरेक वर्षं आधी, दीपनगरपासून फार लांब नाही, जळगावात एक बाई तिशीत विधवा झाली होती. १८८० साली असोद्याला महाजनांच्या घरात जन्मलेल्या बहिणाबाई तेराव्या वर्षी नथूजी चौधरींच्या घरी जळगावला आल्या. नवरा गेला तेव्हा पदरात तीन लेकरं होती. त्यांतल्या ओंकारला पुढे प्लेगने कायमचं अपंगत्व आलं. अक्षरओळख नाही. हाताशी होतं ते शेत, चूल आणि जातं. या तिन्हींशी त्या पुढची चाळीस वर्षं बोलत राहिल्या. त्यांनी आपल्या वैधव्यावरही गाणं रचलं आहे. पुसलेलं कुंकू आणि फुटलेल्या बांगड्या त्यात आहेत, आणि त्या गाण्यातली बाई रडून झाल्यावर स्वतःच्या जिवालाच समजावते. बाहेरच्या कोणी येऊन समजूत घालावी याची ती वाट बघत नाही. आखाजीवरही त्यांचं गाणं आहे आणि त्यात झोका आहे. एकाच गळ्यातून ही दोन्ही गाणी निघाली, याचं मला नवल वाटत आलं आहे.

जातं हे मन मोकळं करायला फार सोयीचं यंत्र होतं. पहाट असते, घर झोपलेलं असतं, दगडाच्या आवाजात शब्द झाकले जातात. हात एका लयीत फिरत असतात आणि समोर रोजचं ठरलेलं काम असतं. लय, पुनरुक्ती आणि थोडा एकांत, या तीन गोष्टी अस्वस्थ मनाला शांत करतात असं आजचे समुपदेशकही सांगतात. ओवी घालणाऱ्या बायकांना हे सांगावं लागलं नाही. बहिणाबाईंची गाणी मुलगा सोपानदेव आणि भाचा पितांबर यांनी ऐकून उतरवून घेतली. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. तोवर घराबाहेर त्यांना कवी म्हणून कोण ओळखत होतं? २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

कुंकवाच्या बाबतीत एक गाव पुढे झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की गावात कोणत्याही बाईचं नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ते राजर्षी शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं. १७ मे रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्या साली आखाजी ३ मे ला होती. खान्देशात उंबऱ्यावर बोटं ओढून झाली आणि दुसऱ्या दिवशी हेरवाडला हे घडलं. ठरावाने रीत बदलत नाही, हे खरं. पण ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाला ‘गावाचाच ठराव आहे’ असं उत्तर देता येतं, आणि पुष्कळ सुनांना तेवढंच हवं असतं.

एक व्यवहाराची गोष्ट मधेच सांगून टाकतो. सगळं दुःख ताटाने आणि झोक्याने हलतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, लांबलेल्या शोकाचा विकार वेगळा नोंदवला आहे. सहा महिन्यांनंतरही माणूस दिवसभर त्याच ओढीत राहिला, रोजचं जगणं बंद पडलं, तर उपचार लागतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची सूची प्रौढांसाठी एक वर्ष धरते. आपलं वर्षश्राद्धही बाराव्या महिन्यातच येतं, हा योगायोग मला आवडतो, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. त्यानंतरही माणूस जेवत-झोपत नसेल, किंवा केव्हाही ‘मीही जाते’ म्हणत असेल, तर घरच्यांनी बोलणं मनावर घ्यावं. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि ‘मन गुंतवा’ एवढाच सल्ला देऊन निघून जाऊ नये. कुठे गुंतवायचं, ते बरोबर बसून दाखवावं लागतं.

मावशीला दाखवलं ते तिच्या सुनेने. थोडी धसमुसळी पोर आहे, पण डोकं चांगलं. तिने एक दिवस साडेचारचा गजर बंद न करता स्वतःच उठून सांगितलं, “आई, माझ्या डब्याच्या पोळ्या तुम्हीच करा, माझ्या कडक होतात.” त्या कडक होत नव्हत्या. महिनाभर ती मावशीच्या चार पोळ्या ऑफिसात नेत राहिली. पुढच्या आखाजीला घागर भरून झाल्यावर तिने कुंकवाचा करंडा सासूपुढे धरला. मावशीने इकडे-तिकडे पाहिलं. समोरच्या दारात अमरावतीच्या काकू उभ्या होत्या, त्या नुसत्या बघत राहिल्या. मावशीने काकांच्या नावाचं बोट ओढलं, जरा वाकडं गेलं. नंतर दिवसभर तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

मग थंडी पडली. मार्गशीर्षात आपल्याकडे भरिताशिवाय कोणाचं पान हलत नाही. असोद्याची, बामणोदची हिरवट पांढरी वांगी, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत मिरची-लसणासकट ठेचायची, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून फोडणी द्यायची. संगतीला कळण्याची भाकरी. मळ्यात वीस-पंचवीस माणसं जमली होती. वांगी भाजायला वसाहतीतले दोन विधुर काका बसले होते. त्यातल्या एकाला गेल्या वर्षापर्यंत चहा करता येत नव्हता, आता वांग्याला टोचे कुठे मारायचे यावर तो सगळ्यांशी वाद घालत होता. पंगत बसली. मावशीने पहिला घास घेतला आणि चेहरा वाकडा केला. आम्ही सगळे थबकलो. तिने ताट पुढे सरकवलं आणि बडगी धरलेल्या पोराला विचारलं,

“काय रे, मिरच्या मोजून टाकल्या का? हे भरित हाय का आजाऱ्याचं जेवन?”